फळभाज्यांतील रंगद्रव्ये आणि आपले आरोग्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, मार्केट यार्ड, पुणे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्त्यांचे वाटप आणि वर्षाच्या जमाखर्चाचे वाचन यांबरोबरच एखाद्या उपयुक्त विषयावर चार शब्द सांगण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. विषय शोधण्यासाठी आम्हांस फार दूर जावे लागले नाही. गुलटेकडीच्या ज्या आवारात हे संमेलन भरले आहे, तेथे रोज पहाटे ज्या मालाची चढउतार होते, त्याच मालात असलेल्या एका द्रव्यसमूहाविषयी आम्ही बोलणार आहोत. शास्त्रज्ञ या द्रव्यांस 'फ्लॅव्होनॉइड' असे म्हणतात.

हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ या यार्डावर चालतो. कोणी बागायतदार आहेत, कोणी आडते, कोणी भुसार मालाचे व्यापारी, तर कोणी हातगाडीवर भाजी विकून मुलांना शिकविणारे. जो माल आपण विकतो त्याचे गुणदोष आपणांस ठाऊक असले पाहिजेत. दुसरे कारण अधिक जिव्हाळ्याचे आहे. गाळ्यावर दिवसभर बैठे काम, अवेळी जेवण आणि वारंवार चहा यांमुळे मधुमेह व रक्तदाब हे विकार आपल्या घरोघरी शिरले आहेत. आपल्या कितीतरी भगिनी रक्तक्षयाने थकलेल्या असतात. अशा वेळी 'अँटिऑक्सिडंट' असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या गोळ्यांचे आणि भुकट्यांचे डबे घरात येऊ लागले आहेत. पिढ्यानपिढ्या फळभाज्या पिकविणाऱ्या आणि विकणाऱ्या समाजाने फळभाज्यांचा अर्क डबीतून विकत घ्यावा, आणि घरच्या ताटात मात्र भाजी चिमूटभरच वाढावी, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

ही द्रव्ये कोणती?

'फ्लाव्हस' या लॅटिन शब्दाचा अर्थ पिवळा. या वर्गातील प्रथम ओळखली गेलेली द्रव्ये पिवळ्या रंगाची होती, म्हणून हे नाव पडले. कार्बनाचे पंधरा अणू ठराविक पद्धतीने जोडून यांचा सांगाडा बनतो. दोन बाजूंस सहा-सहा अणूंची दोन कडी आणि मध्ये तीन अणूंचा दुवा, अशी ती रचना असते. या एका सांगाड्यावर निरनिराळी जोडकामे होऊन सहा हजारांहून अधिक प्रकार निसर्गात तयार झालेले आढळले आहेत. सोयीसाठी त्यांचे काही पोटवर्ग करतात. कांद्यातील क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉल वर्गातील. संत्रे, मोसंबी व लिंबू यांतील हेस्पेरिडिन हे फ्लॅव्हॅनोन वर्गातील. चहातील कॅटेचिन हे फ्लॅव्हॅनॉल वर्गातील. सोयाबीनमधील जेनिस्टीन हे आयसोफ्लॅव्होन वर्गातील. आणि जांभूळ, काळी द्राक्षे, डाळिंब यांना लाल-जांभळा रंग देणारी अँथोसायनिने हा आणखी एक वर्ग.

वनस्पती ही द्रव्ये आपल्यासाठी तयार करीत नाही, स्वतःच्या रक्षणासाठी करते. सूर्यप्रकाशातील घातक किरणांपासून पानाचे रक्षण करणे, कीड व बुरशी यांना आवरणे, आणि फुलाफळांस रंग देऊन कीटक व पक्षी यांना बोलावणे ही त्यांची कामे होत. कडधान्य पिकविणाऱ्या आपल्या बांधवांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. घेवडा, हरभरा, वाटाणा यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरतात, हे आपण जाणतोच. त्या गाठी करणाऱ्या जिवाणूंना मातीतून बोलावण्याचा जो इशारा मूळ देते, तो फ्लॅव्होनॉइड द्रव्यांच्याच रूपाने जातो. तसेच रात्री थंडी पडू लागली आणि दिवसा स्वच्छ ऊन मिळाले की द्राक्षाला व डाळिंबाला रंग चढतो, हा बागायतदारांचा जुना अनुभव आहे. त्या हवामानात अँथोसायनिने अधिक तयार होतात, एवढेच शास्त्राने त्यात स्पष्ट केले.

यार्डातून एक फेरी

आता आपण मनाने या आवारातून एक फेरी मारू. प्रथम कांदा-बटाटा विभाग. चाकण, मंचर, जुन्नर या भागांतून येणारा लाल कांदा म्हणजे क्वेर्सेटिनचे मोठे भांडार होय. लाल कांद्याच्या शंभर ग्रॅममध्ये ते सुमारे २० ते ४० मिलिग्रॅम असते. जात आणि साठवण यांप्रमाणे हे प्रमाण अधिकउणे होते. पांढऱ्या कांद्यात ते फारच थोडे असते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची गोडी निराळी आणि कीर्तीही मोठी. परंतु या एका बाबतीत लाल कांदा त्याच्या पुढे आहे. कांद्यात हे द्रव्य बाहेरच्या पाकळ्यांत अधिक आणि गाभ्यात कमी असते. गाळ्यावर उडून पडणाऱ्या कोरड्या टरफलात तर ते सर्वांत अधिक असते, आणि म्हणूनच त्या टरफलांच्या काढ्यात कापड पिवळे-तांबूस रंगविता येते.

फळबाजारात सोलापूरकडचे भगवा डाळिंब, जुन्नर-नारायणगावची आणि सांगलीची द्राक्षे, पुरंदरचे अंजीर, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, विदर्भातील संत्री आणि जालन्याकडील मोसंबी यांची आवक असते. डाळिंबाचा, काळ्या द्राक्षाचा आणि स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिनांचा. संत्र्यामोसंब्याच्या फोडीभोवतीचे जे पांढरे तंतू आणि साल आपण काढून टाकतो, त्यांतच हेस्पेरिडिन अधिक असते. गाळलेल्या रसात त्यातील पुष्कळसे राहत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जांभळे येतात. जांभळाचा डाग साबणाने धुऊ लागलो की त्याची छटा निळसर होते, हे प्रत्येक आईने पाहिलेले आहे. अँथोसायनिन आम्लात लाल आणि क्षारात निळसर दिसते, हे त्याचे कारण. कोकमाचे सरबत लालभडक राहते, कारण कोकम मुळातच आंबट असते. आमसुलाच्या सालीतील रंगही याच कुळातला.

भाजी विभागात वांग्याची जांभळी साल, शेवग्याचा पाला, मेथी, शेपू, कोथिंबीर, कढीपत्ता यांत ही द्रव्ये निरनिराळ्या रूपांत असतात. भुसार विभागात सोयाबीन, चहा, ज्वारी आणि बाजरी यांत ती आढळतात. बाजरीच्या पिठाची जी करडी छटा असते, तीसुद्धा फ्लॅव्होनॉइड द्रव्यांचीच आहे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. जे जे रंगीत ते ते फ्लॅव्होनॉइड, असा समज करून घेऊ नये. गाजर, पपई आणि आंबा यांचा पिवळा-केशरी रंग कॅरोटीन वर्गाचा. टोमॅटोचा लाल रंग त्याच वर्गातील लायकोपीनचा. पालेभाजीचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. आणि बिटाचा लाल रंग बीटालेन या वेगळ्याच द्रव्याचा. सांगलीच्या हळदीतील कुर्कुमिन हेही फ्लॅव्होनॉइड नव्हे, तर त्याचे दूरचे नातलग होय. हळदीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेत १९९५ साली एकस्व देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर हे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना परिषदेने त्यास जुन्या ग्रंथांच्या आधारे हरकत घेतली आणि १९९७ साली ते रद्द झाले. आपल्या घरच्या ज्ञानाची लेखी नोंद किती मोलाची असते, याचा तो धडा होता.

शोधाचा इतिहास आणि पुण्याचा वाटा

या द्रव्यांचा आरोग्याशी संबंध जोडण्याचे श्रेय आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञास जाते. क जीवनसत्त्वावरील संशोधनाचे ते अग्रणी असून १९३७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. केशवाहिन्या कमकुवत होऊन त्वचेखाली रक्त झिरपण्याच्या विकारात शुद्ध क जीवनसत्त्वाने गुण येत नाही, परंतु लिंबाच्या व मिरचीच्या अशुद्ध अर्काने येतो, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले. त्या अर्कात फ्लॅव्होनॉइड द्रव्ये होती. १९३६ साली त्यांनी या द्रव्यांस 'प जीवनसत्त्व' असे नाव सुचविले. पुढे मात्र ही द्रव्ये आहारातून वगळल्याने विशिष्ट असा कोणताही रोग होतो, हे सिद्ध होऊ शकले नाही. ज्याच्या अभावाने रोग होत नाही त्यास जीवनसत्त्व म्हणता येत नाही. म्हणून १९५० साली ते नाव सोडून द्यावे, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने ठरविले. डबीवर 'प जीवनसत्त्व' असे कोठे छापलेले आढळले, तर हा इतिहास आठवावा.

या शास्त्रात आपल्या पुणे शहराचाही वाटा आहे, आणि तो आपल्या मुलांना माहीत असावा असे आम्हांस वाटते. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तिचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. वेंकटरामन हे होत. ते १९५७ ते १९६६ पर्यंत त्या पदावर होते. त्यापूर्वी लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात असताना त्यांनी फ्लॅव्होन प्रयोगशाळेत तयार करण्याचा एक मार्ग शोधून काढला होता. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनीही स्वतंत्रपणे तोच मार्ग शोधला. म्हणून जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ती अभिक्रिया 'बेकर-वेंकटरामन' या जोडनावाने शिकविली जाते. नंतर मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे प्रमुखपद भूषवून ते पुण्यास आले. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फणसाच्या खोडातील पिवळ्या रंगद्रव्यांचा अभ्यास केला. आर्टोकार्पिन इत्यादी फ्लॅव्होनॉइडांच्या रचना त्यातून स्पष्ट झाल्या. फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगविण्यास वापरीत असत. ज्या झाडाची फळे पावसाळ्यात आपल्या बाजारात येतात, त्याच्या लाकडातील रंगाचे कोडे आपल्याच शहरात उलगडले गेले, ही अभिमानाची गोष्ट होय.

ते कार्य पुढेही चालू राहिले आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या प्रयत्नाने १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेने, जी आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, सोयाबीनचे व द्राक्षाचे नवे वाण दिले. मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथे 'मांजरी मेडिका' नावाचा रसासाठीचा वाण निघाला असून त्याच्या रसात अँथोसायनिने विपुल असतात. सोलापूर येथे डाळिंबासाठीचे राष्ट्रीय केंद्र २००५ साली निघाले. आपल्या बागायतदार तरुणांनी या संस्थांत जाऊन यावे, अशी आमची विनंती आहे.

पोटात गेल्यावर काय होते?

पूर्वी अशी कल्पना होती की, ही द्रव्ये रक्तात जाऊन तेथील अपायकारक ऑक्सिडीकारक कण टिपून घेतात. 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाचा बाजारातील बोलबाला त्या कल्पनेवर उभा राहिला. काचेच्या नळीत ही गोष्ट खरी ठरते. देहातला व्यवहार मात्र निराळा आहे. खाल्लेल्या फ्लॅव्होनॉइडांपैकी थोडाच भाग आतड्यातून शोषला जातो. यकृत त्याचे रूप तत्काळ बदलते आणि काही तासांत तो मूत्रावाटे बाहेर पडतो. रक्तात त्याचे प्रमाण इतके अल्प राहते की, रक्तातील क जीवनसत्त्व व यूरिक आम्ल यांच्यापुढे त्याचे टिपण्याचे सामर्थ्य नगण्य ठरते. निरनिराळ्या पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीचे आकडे देणारी एक कोष्टकमाला अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली होती. त्या आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होतो आणि देहातील परिणामांशी त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून २०१२ साली त्या खात्याने ती स्वतःच मागे घेतली.

मग ही द्रव्ये निरुपयोगी आहेत काय? तसे नव्हे. आजच्या समजुतीप्रमाणे ती पेशींच्या आपसांतील संकेतांवर परिणाम करतात. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास सैल होण्यास ती साहाय्य करतात, असे प्रयोगांत दिसले आहे. न शोषलेला भाग मोठ्या आतड्यात जातो. तेथील जिवाणू त्याचे लहान तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांपैकी काही पुन्हा रक्तात येतात. शोषणाच्या बाबतीत सर्व पदार्थ सारखे नाहीत. कांद्यातील क्वेर्सेटिन ज्या शर्करेशी जोडलेले असते, तिच्यामुळे ते चहातील क्वेर्सेटिनापेक्षा सुलभपणे शोषले जाते, असे डच संशोधकांनी दाखविले आहे. भाकरीबरोबर कांदा फोडून खाणाऱ्या आपल्या पूर्वजांस हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण सवय चांगली होती.

पुरावा काय सांगतो?

हॉलंडमधील झुटफेन या गावी ६५ ते ८४ वर्षे वयाच्या ८०५ पुरुषांच्या आहाराची १९८५ साली नोंद करण्यात आली आणि पुढील पाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. त्यांच्या आहारात ही द्रव्ये दिवसाकाठी सरासरी सुमारे २६ मिलिग्रॅम होती. त्यांपैकी ६१ टक्के चहातून, १३ टक्के कांद्यातून आणि १० टक्के सफरचंदातून येत होती. ज्यांच्या आहारात ती सर्वांत अधिक होती, त्यांच्यातील हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळले. १९९३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध होताच जगभर त्याची चर्चा झाली. परंतु १९९७ साली वेल्समधील केअरफिली येथील पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तेथे असा लाभ दिसला नाही. ते लोक आपल्यासारखाच दुधाचा चहा पीत. दुधातील प्रथिने या द्रव्यांना बांधून ठेवीत असावीत, अशी शंका संशोधकांनी घेतली. पुढील प्रयोगांत तिला कधी पुष्टी मिळाली, कधी नाही.

अशा पाहण्यांत एक अडचण नेहमीच असते. फळभाज्या भरपूर खाणारा मनुष्य बहुधा चालतोही अधिक आणि तंबाखूही कमी खातो. मग गुण कशाचा मानावा? ही अडचण टाळण्यासाठी अमेरिकेत २१,४४२ वयस्क स्त्री-पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटास रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हॅनॉलच्या गोळ्या आणि दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या देण्यात आल्या. २०२२ साली निष्कर्ष आला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण विकारांत निश्चित म्हणता येईल अशी घट झाली नाही. या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंत मात्र २७ टक्के घट दिसली. पण तो प्रयोगाचा मुख्य प्रश्न नसल्यामुळे खुद्द संशोधकांनीही सावधपणे बोलणे पसंत केले. या साऱ्यातून आम्ही इतकेच घेतो की, फळभाज्यांनी युक्त आहार हितकर आहे याविषयी शंका नाही; पण त्यातून एक द्रव्य वेगळे काढून ते गोळीत भरले की तोच लाभ होतो, असे म्हणण्यास आधार अपुरा आहे.

याचा अर्थ ही द्रव्ये औषध म्हणून कधीच वापरली जात नाहीत, असा नव्हे. डायोस्मिन व हेस्पेरिडिन यांच्या गोळ्या मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरा यांवर डॉक्टर देतात. पण ते विशिष्ट विकारावरील, ठराविक मात्रेतील औषध होय. निरोग्याने रोज घ्यावयाचा खुराक नव्हे.

सावधगिरीच्या गोष्टी

आता भगिनींनी विशेष लक्ष द्यावे, अशी एक गोष्ट सांगतो. चहातील कॅटेचिन व टॅनिन ही द्रव्ये भाकरी, डाळी आणि पालेभाज्या यांतील लोहास बांधून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत; तथापि जेवण संपताच चहाचा कप हाती घेण्याची सवय त्यात भर घालते. ज्या द्रव्याचे गुण आम्ही आतापर्यंत गायिले, तेच येथे अडथळा होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे. उलट पक्षी, भाजीवर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. चहाची वेळ बदलण्यास पैसा लागत नाही. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी हा नियम स्वतःपासून सुरू करावा. सुनेला सांगून स्वतः जेवणावर चहा मागू नये.

हीच गोष्ट या आवारातील हमाल बांधवांनाही लागू आहे. पाठीवर गोणी वाहणारा मनुष्य अनेकदा चहावर वेळ मारून नेतो. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभी राहिली आणि तिच्या 'कष्टाची भाकर' या उपक्रमाने कष्टकऱ्यांस स्वस्त व ताजे जेवण मिळवून दिले. आपल्या गाळ्यावर राबणाऱ्या माणसास भूक लागलेल्या वेळी केवळ चहा पाजून आपले कर्तव्य संपत नाही, हे आपण आडत्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट बाजरीची. बाजरीतील काही फ्लॅव्होनॉइडे गलग्रंथीच्या कार्यात व्यत्यय आणू शकतात. ज्या प्रदेशांत बाजरी हेच मुख्य अन्न असते आणि आहारात आयोडीन कमी असते, तेथे गलगंड होण्यास ही द्रव्ये हातभार लावतात, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरात हिवाळ्यातील बाजरीच्या भाकरीस भिण्याचे काहीच कारण नाही. 'नैसर्गिक' हा शब्द 'सर्वथा निर्धोक' या अर्थी घेऊ नये, एवढ्यासाठीच हा दाखला दिला.

तिसरी गोष्ट औषधांची. ग्रेपफ्रूट या फळाच्या रसाने रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायकपणे वाढते, असे कॅनडातील संशोधकांनी १९९१ साली दाखविले. कोलेस्टेरॉलवरील काही गोळ्यांचेही तसेच होते. त्यास मुख्यतः फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्ये कारण असून ती आपल्या पपनसातही आढळतात. अशा गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांस विचारूनच ही फळे खावीत. आणि मधुमेही बांधवांनी जांभूळ किंवा कोणताही अर्क यांवर विसंबून गोळी वा इन्शुलिन बंद करू नये. हे आम्ही हात जोडून सांगतो.

घरात काय करावे?

वर सांगितलेल्या सूचनांत २००० कॅलरींच्या रोजच्या आहारात पालेभाज्या धरून ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे म्हटले आहे. म्हणजे चार जणांच्या घरात दिवसाला सुमारे दीड किलो भाजी झाली. यार्डात वावरणाऱ्या आपल्या किती घरांत इतकी भाजी शिजते, याचा प्रत्येकाने मनाशी हिशेब करावा.

स्वयंपाकाच्या रीतीनेही फरक पडतो. ही द्रव्ये उष्णतेने फारशी नष्ट होत नाहीत, परंतु उकळताना पाण्यात उतरतात. म्हणून भाजी उकडून पाणी फेकून देण्यापेक्षा त्याच पाण्यात रस्सा किंवा आमटी करावी. कांदा सोलताना बाहेरच्या ताज्या पाकळ्या उगाच काढून टाकू नयेत. वांगी सालीसकट करावीत. संत्र्याची फोड पांढऱ्या तंतूंसह खावी, आणि गाळून साखर घातलेल्या रसापेक्षा अख्खे फळ मुलांच्या हाती द्यावे. महाग परदेशी फळांची मुळीच आवश्यकता नाही. जांभूळ, करवंद, पेरू, आमसूल, लाल कांदा, शेवग्याचा पाला ही आपली स्वस्त आणि परिचित संपत्ती आहे. ऋतूप्रमाणे येणारा माल आलटून पालटून खावा, म्हणजे एका द्रव्याच्या मागे न लागता अनेक द्रव्ये आपोआप मिळतात.

व्यापारधर्म

शेवटी व्यापाऱ्यांसाठी दोन शब्द. आपला माल आरोग्यास हितकर आहे, हे सांगण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. परंतु 'मधुमेह समूळ बरा करणारे', 'कर्करोगावर रामबाण' अशा पाट्या लावणे किंवा तसे संदेश पाठविणे हा अधर्म आहे. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधी १९५४ साली झालेला कायदा अशा दाव्यांस बंदी करतो, आणि २००६ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याखालीही खोट्या दाव्यांवर कारवाई होते. रंगासाठी कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास तर मनाईच आहे. पण आम्ही केवळ कायद्याच्या भीतीने हे सांगत नाही. एखादा रोगी आपल्या पाटीवरील शब्दांवर विश्वास ठेवून औषध सोडतो, तेव्हा त्याच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो. आपल्या वडिलांनी तोलात आणि बोलात खोट न ठेवता पेढ्या नावारूपास आणल्या. विज्ञानाच्या नावाने तो बोल खोटा होऊ देऊ नये.

आमची कार्यकारी मंडळास एक सूचना आहे. महिला विभागाने वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर भरवावे आणि त्याच दिवशी ऋतूतील भाज्यांच्या पाककृतींची देवाणघेवाण करावी. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी रसायनशास्त्र, कृषी व आहारशास्त्र शिकणाऱ्यांनी आपल्या बाजारातील एकेका फळभाजीची माहिती सोप्या मराठीत लिहून पुढील स्मरणिकेस द्यावी. असे दहा-वीस लेख जमले, तर आपल्या धंद्याचे आणि आपल्या घरांचे दोहोंचे हित होईल.

 भोजनाची पंगत तयार आहे. पंगतीनंतरचा चहा आज तासाभराने द्यावा, असे आम्ही व्यवस्थापकांना आधीच सांगून ठेवले आहे. त्याबद्दल कोणी राग मानू नये, ही विनंती.